उतारवयासाठी कमी विजेत चालणारं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वास्तुविशारद आहे. हल्ली माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं निवृत्तीच्या अलीकडची किंवा पलीकडची असतात, आणि त्यांना आता शेवटपर्यंत राहता येईल असं घर हवं असतं. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातल्या हवामानाची आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. म्हातारपणी सोयीचं घर आणि कमी वीज लागणारं घर हे दोन वेगळे विषय नाहीत का?

मलाही आधी तसंच वाटायचं. बार्शीला आई-बाबांचं जुनं माळवदाचं घर पाडून तिथे स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते. त्यांची झोपायची खोली मी पश्चिमेला काढली. मे महिन्यात रात्री नऊ वाजता त्या भिंतीला तळहात लावला, तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी ती अजून ऊब सोडत असायची. मग एसी आला. बाबा तो अर्धा तास लावायचे आणि बंद करायचे, कारण पेन्शन ठरलेली आणि बिलाचा आकडा मात्र दर महिन्याला नवा. उरलेली रात्र दोघंही कूस बदलत काढायची.

नोकरीवर जाणारा माणूस दुपारी बारा ते पाच घरात नसतो. निवृत्त माणूस नेमका तेव्हाच घरात असतो. त्यात वय वाढलं की तहान कमी लागते, घाम कमी येतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणीही कमी होतं. म्हणून जे घर यंत्राशिवाय बऱ्यापैकी थंड राहतं, तेच या वयाला सोसतं. उलट बाजूही खरी आहे. खिडकीची कडी हाताला येत नसेल, तर संध्याकाळी वारा सुटला तरी ती बंदच राहते आणि पंखा पाचवर फिरत राहतो.

२. हे सगळं कोणत्या वयात करावं? आत्ता तर आम्ही ठणठणीत आहोत.

ठणठणीत असतानाच, पगार चालू असताना, पंचावन्नच्या आसपास. पडल्यावर, शस्त्रक्रियेनंतर घाईघाईत केलेली कामं महागही पडतात आणि वाकडीही होतात. आज सगळं बसवायचं नाही, तर उद्याची जागा आज राखायची. बाथरूमच्या भिंतीत आधाराचा दांडा जिथे येणार तिथे भरीव वीट घ्या, पोकळ किंवा हलका ब्लॉक नको. पलंगाजवळ बटणाचा पॉइंट काढून ठेवा. गच्चीवरून सोलरच्या वायरसाठी एक रिकामा पाइप खाली आणून ठेवा. बांधकाम चालू असताना या गोष्टी गवंडी आणि वायरमन जाता जाता करून देतात. नंतर त्याच गोष्टींसाठी टाइल्स फोडाव्या लागतात.

३. प्लॉट घेतला आहे. कोणती खोली कोणत्या दिशेला? आणि वास्तूप्रमाणे मोठ्यांची खोली नैऋत्येला हवी म्हणतात, त्याचं काय?

सोलापूर, पुणे, मुंबई हा सगळा पट्टा साधारण १८ ते १९ अंश अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, तिथून जुलैअखेरीपर्यंत तो थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन गच्चीवर पडतं आणि तीननंतरचं पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेचं ऊन हिवाळ्यातलं, आणि ते सोपं आहे. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर २१ मार्चच्या भर दुपारी भिंतीवर जवळजवळ सहा फूट सावली उतरते आणि डिसेंबरात जेमतेम सव्वादोन फूट. म्हणजे थंडीत गुडघ्यांवर ऊन मिळतं आणि उन्हाळ्यात खिडकी सावलीत राहते, कोणीही काही न करता.

पश्चिमेचं ऊन तिरपं, थेट आत घुसणारं. छज्जा त्याला अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेला जिना, कोठीची खोली, संडास-बाथरूम, कपाटांची भिंत. झोपायची खोली पूर्वेला किंवा उत्तरेला.

आता वास्तूचं. नैऋत्य कोपरा दक्षिण आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंनी तापतो. घरातली सगळ्यात तापणारी खोली सगळ्यात वयस्कर माणसांना द्यावी, हे मला पटत नाही आणि मी ते स्पष्ट सांगते. तरीही ज्यांची श्रद्धा आहे त्यांचं मन मोडून घर बांधता येत नाही. मग त्या खोलीची पश्चिमेची भिंत दुहेरी करा, मध्ये दोन इंचांची पोकळी ठेवा, बाहेर पडवी काढा किंवा कडुनिंब लावा. पश्चिमेला खिडकी हवीच असेल तर वर लहान झरोका, बाहेरून बांबूची चीक. वारा मात्र आपल्याकडे बराच काळ पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे ती बाजू पूर्ण बंद करू नका.

४. भिंती लाल विटेच्या, जांभ्याच्या की हलक्या ब्लॉकच्या?

गाव कुठलं यावर आहे. सोलापूर, मराठवाडा, खानदेश इथे दिवस आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. जाड भिंत दुपारची उष्णता आत पोचायला उशीर लावते, हाच जुन्या माळवदांचा आणि वाड्यांचा आधार. पण त्या भिंतीला रात्री गार व्हायला वारा मिळाला पाहिजे. रात्री खिडक्या बंद ठेवून जाड भिंतीत झोपलं की माझ्या बार्शीच्या घराचं होतं ते होतं. कोकणात रात्रही दमट आणि उबदार, तिथे जाडी फारशी कामाला येत नाही. सावली आणि आरपार वाराच कामाला येतो. जांभा तिथे स्थानिक आहे, टिकतो, तोच वापरा.

एएसी ब्लॉक, म्हणजे तोच हलका ब्लॉक, उष्णता आत कमी सोडतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला चांगला. त्यात जड वस्तू ठोकताना मात्र विशेष खिळे लागतात आणि आधाराच्या दांड्यासाठी तो भरवशाचा नाही (प्रश्न २). वीट चांगली मिळत असेल आणि गवंडी शिकायला तयार असेल, तर विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारा रॅट-ट्रॅप बाँड जरूर करून पाहा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात तो रुजवला. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळी उष्णता अडवते.

५. वरच्या मजल्यावर राहतो, गच्ची फार तापते. काय लावू?

पांढरं काहीतरी, आणि लवकर. एकमजली घरात सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते. चुना मारणं सगळ्यात स्वस्त, दर उन्हाळ्याआधी पुन्हा करावं लागतं. बाजारात उष्णता परतवणारे रंग मिळतात, ते काही वर्षं टिकतात, पण गच्ची रोज झाडली नाही तर धूळ बसून त्यांचाही गुण कमी होतो. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर सर्वांत टिकाऊ. आधी गळती बंद करा, कोबा आणि उतार दुरुस्त करा, मग रंग. ओल्या स्लॅबवर मारलेला रंग पहिल्या पावसात पापुद्र्यांनी निघतो.

एक धोका कोणी सांगत नाही. गुळगुळीत पांढऱ्या टाइलवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, आणि गच्चीवर वाळवण घालायला जाणारी आजी तिथेच घसरते. दारापासून दोरीपर्यंतची वाट खरखरीत फरशीची ठेवा आणि कठड्याला पकडायला दांडा लावा.

६. खिडक्या मोठ्या ठेवू की लहान? सरकत्या की उघडणाऱ्या?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) घराच्या चटईक्षेत्राच्या किती टक्के खिडकी *उघडता* यायला हवी ते हवामानाप्रमाणे दिलं आहे : उष्ण-दमट भागात निदान १६.६६ टक्के, उष्ण-कोरड्या भागात १० टक्के, संमिश्र हवामानात १२.५ टक्के. उघडता येणारा भाग मोजायचा, काच नव्हे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. झडपेची पूर्ण उघडते.

पण संधिवाताच्या बोटांना सरकत्या खिडकीची ती लहान खाच ओढता येत नाही, आणि झडपेची खिडकी ग्रिलमुळे बाहेरून ओढून घ्यायला वाकावं लागतं. मी झडपेचीच घेते, लांब दांडीची कडी खालच्या बाजूला लावते, ग्रिलला हाताएवढी मोकळी जागा ठेवते. डासांची जाळी आतून सरकती. जाळी नसेल तर संध्याकाळी सहाला, नेमका गार वारा सुटतो तेव्हा, खिडक्या बंद होतात. तो वारा फुकटचा आहे, त्यासाठी जाळीवर पैसे घाला.

खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर आणा, त्याला बाहेरून भक्कम ग्रिल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रस्ता दिसणं, भाजीवाला दिसणं ही चैन नाही.

७. पंखा, कूलर की एसी?

आधी पंखे बदला. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला जवळपास २० युनिट वाचतात. घरात चार पंखे असतील तर ८० युनिट. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चढतो आणि ३०० नंतर पुन्हा चढतो, त्यामुळे ही बचत वरच्या दराची असते. या पंख्यांना रिमोट असतो, पलंगावरून उठावं लागत नाही. रिमोट हरवतो मात्र, म्हणून भिंतीवर त्याला खोबण करून द्या आणि साधं बटणही चालू राहू द्या.

कूलर विदर्भ, मराठवाडा, खानदेशात उत्तम चालतो. कोकणात आणि मुंबईत हवाच दमट, तिथे तो फक्त ओल वाढवतो. कूलरबद्दल मी फार काटेकोर आहे. पत्र्याच्या कूलरच्या बॉडीत करंट उतरून माणसं दगावतात. अर्थिंग तपासल्याशिवाय आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण) असल्याशिवाय कूलर लावू नका. पाणी भरायला बादली उचलावी लागू नये, पाइप आणि फ्लोट बसवा. त्याखालची फरशी ओली राहणार असेल तर कूलर बाहेर, खिडकीत.

हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरमच हवा फेकतो. अशा दिवसांसाठी घरातली एक खोली, पूर्वेची किंवा मधली, लहान इन्व्हर्टर एसीसाठी राखा. सगळं घर गार करायला जाऊ नका. एसी २४ ते २६ अंशांवर आणि सोबत पंखा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. उन्हाच्या लाटेत तो बिलाच्या भीतीने बंद करू नका. बाकी घरात केलेली बचत त्या दहा-बारा दिवसांसाठीच आहे.

८. वीज वाचवायची तर दिवे कमी लावावेत ना?

नाही. बाकी कुठेही काटकसर करा, उजेडात नको. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. नऊ वॉटचा एलईडी रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. त्याच्यासाठी खुब्याचं हाड पणाला लावायचं?

उजेड वाढवायचा म्हणजे डोळ्यावर मारायचा नव्हे. मोतीबिंदू असलेल्यांना उघडा बल्ब आणि चकचकीत फरशी दोन्ही त्रास देतात. फरशी मंद पोताची, दिवे झाकलेले. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, हालचालीने लागणारे लहान दिवे बसवा. दाराजवळ आणि पलंगाजवळ एकाच दिव्याची दोन बटणं, जिन्याला असतात तशी. बटणं तीन ते साडेतीन फुटांवर, सॉकेट दीड फुटाच्या खाली नको.

९. संडास-बाथरूममध्ये नक्की काय काय करायचं?

इथे थांबून विचार करा, कारण घरातली खोली सगळ्यात लहान आणि धोका सगळ्यात मोठा.

माझ्या बाबांना भिंतीवरच्या टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय होती. ती दांडी दोन लहान स्क्रूंवर उभी होती. एक दिवस ती हातात आली. बाबा कमोडच्या टाकीवर कलंडले म्हणून वाचले, मनगटावर निभावलं. तेव्हापासून मी टॉवेलची दांडी आणि आधाराचा दांडा यांत फरकच ठेवत नाही, सगळेच दांडे माणसाचं वजन पेलतील असे बसवते. कमोडच्या बाजूला आडवा दांडा, शॉवरपाशी उभा. स्टीलचा, दीड इंच जाडीचा, भिंतीपासून मुठीएवढा सुटा.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला, तर दार ढकलता येत नाही आणि आत पोचताही येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. दाराची मोकळी रुंदी तीन फूट. आपल्याकडे बाथरूमला अडीच फुटांचंच दार लावतात, चाकाची खुर्ची त्यात अडते. जागा असेल तर आत पाच फुटांचं वर्तुळ मोकळं ठेवा, म्हणजे खुर्ची वळते. कमोडची बैठक दीड फूट किंवा किंचित वर.

भारतीय संडास काढायचा का, हे बरेच जण विचारतात. गुडघे चालतात तोवर ज्यांना सवय आहे त्यांनी वापरावा. मात्र घरात एक कमोड आजपासून असू द्या.

अंघोळीची जागा आणि कोरडी जागा वेगळी ठेवा, मध्ये उंच कट्टा न करता उताराने. बसून अंघोळीसाठी भिंतीलगत पक्का कट्टा बांधा, नळ आणि हातशॉवर त्यावर बसून हाताला येईल असा. प्लॅस्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं. गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. दोन किलोवॉटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट, आणि ५० अंशांहून जास्त तापवलेलं पाणी म्हाताऱ्या पातळ कातडीला पटकन भाजतं. गीझर बाथरूमच्या जवळ हवा. लांबच्या पाइपात रोज बादलीभर गरम पाणी वाया जातं, आणि ते येईस्तोवर म्हातारं माणूस ओल्या अंगाने कुडकुडत उभं राहतं.

१०. आई म्हणते घराला उंबरठा हवाच. काय करावं?

आई बरोबर म्हणते, मुख्य दाराला ठेवा. अर्ध्या इंचाचा, दोन्ही कडा उतरत्या, फरशीपेक्षा वेगळ्या रंगाचा. हळद-कुंकू वाहता येतं, रांगोळी घालता येते आणि पाऊल अडत नाही. आतल्या दारांना आणि बाथरूमला मात्र नको. तिथे पाणी अडवायला उतार पुरतो.

११. पुराच्या पाण्यासाठी जोतं उंच ठेवावं लागतं. मग चाकाची खुर्ची कशी चढणार?

उताराचं प्रमाण एकास बारा. दीड फूट जोतं असेल तर १८ फूट लांब उतार लागतो. हा आकडा ऐकून लोक उभा उतार करून टाकतात, आणि त्यावरून खुर्ची ढकलताना सून खाली आणि सासरे वर अशी ओढाताण होते. लहान प्लॉटवर उतार घराच्या कडेने, बाजूच्या मोकळ्या जागेतून फिरवा आणि त्यालाच बागेची वाट करा. खरखरीत शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंना कठडा, वर जमलं तर पत्रा किंवा कौलं.

उतार आज नको असेल तर जागा तरी अडवू नका. पायऱ्या सहा इंच उंच, बारा इंच रुंद, सगळ्या सारख्या. शेवटची पायरी अंगणात भर घातल्याने तीन इंचांचीच उरते, तिथे सगळ्यात जास्त माणसं अडखळतात.

१२. दोन मजली घर बांधतोय. लिफ्टची तरतूद करू का?

खालच्या मजल्यावर एक झोपायची खोली आणि प्रश्न ९ प्रमाणे एक पूर्ण बाथरूम असेल तर लिफ्ट नसली तरी चालते. वरचा मजला मुलांसाठी, आणि तो तुमच्या डोक्यावरचं ऊनही अडवतो. तरी मन मानत नसेल तर दोन्ही मजल्यांवर एकावर एक पाच फूट बाय पाच फुटांची कपाटं काढा आणि मधला स्लॅब नंतर कापता येईल असा अभियंत्याकडून आखून घ्या. घरगुती लिफ्टलाही लिफ्ट निरीक्षकांचा परवाना लागतो. वीज गेल्यावर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडणारी सोय असल्याशिवाय घेऊ नका.

१३. सोलर करायचं आहे. पाण्याचं की विजेचं?

गच्ची मोठी असेल तर दोन्ही, एकच करायचं तर विजेचं. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, जागा शंभर चौरस फूट घेतो. दोघांच्या घराला दोन-तीन किलोवॉट पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन पडतं, पण तेव्हा पंखेही कमी लागतात. निवृत्त माणूस दिवसा घरात असतो आणि सोलरही दिवसाच वीज देतं. कपडे धुणं, पंप, एसी दुपारी चालवा.

पॅनल धुणार कोण, हे आधी ठरवा. सत्तरीतल्या माणसाने लोखंडी शिडीवर चढून पॅनल पुसायचं नाही. पॅनल उभं राहून हाताला येतील इतक्या उंचीवर घ्या, शेजारी नळ काढा आणि गच्चीला पक्का जिना असू द्या.

१४. सोलर बसवलं की लाइट गेल्यावरही घर चालेल ना?

चालणार नाही, आणि विक्रेते हे मुद्दाम सांगत नाहीत असा माझा अनुभव आहे. विजेच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की स्वतःला बंद करतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला त्याचा झटका बसेल. लाइट गेल्यावर चालायला बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, किंवा वेगळा लहान घरगुती इन्व्हर्टर. त्यावर दोन बीएलडीसी पंखे, वाटेवरचे दिवे आणि एक सॉकेट एवढंच घ्या, म्हणजे बॅटरी रात्रभर पुरते. बॅटरी पाणी घालावं न लागणारी निवडा.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर हिशेब बदलतो. तो साधारण ३०० ते ४०० वॉट खातो, सतत. त्याच्यासाठी स्वतंत्र बॅटरी ठेवा आणि तरीही भरलेला सिलिंडर घरात हवाच.

१५. आम्ही जुन्या फ्लॅटमध्ये राहतो. दिशा, भिंती, गच्ची काहीच हातात नाही.

बरंच हातात आहे. क्रम असा : ईएलसीबी, वाटेवरचे दिवे (८), बाथरूमचे दांडे आणि दार (९), पंखे (७), खिडक्यांच्या जाळ्या (६). पश्चिमेच्या बाल्कनीला बाहेरून बांबूची चीक लावा. आतला जाड पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, चीक ते बाहेरच ठेवते. दुपारी ओढणं-सोडणं सोपं हवं, दोरी हाताच्या उंचीवर बांधा.

सर्वांत वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची सोसायटीची असते, पण तिला पांढरं करायला सभेत सहसा विरोध होत नाही, गळतीच्या कामासोबत ठराव आणा. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठीही किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्या विजेवर लिफ्ट आणि पंप चालले की मेंटेनन्स आटोक्यात राहतो, आणि पेन्शनवरच्या सभासदांना त्याचं मोल सगळ्यात जास्त.

१६. भाड्याचं घर आहे.

निघताना सोबत नेता येईल ते करा : बीएलडीसी पंखे, सेन्सरचे दिवे, चीक. सुटे पायपुसणे काढून टाका, त्यात पाय अडकतो. दांड्यांसाठी मालकाची लेखी परवानगी घ्या. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे घेऊ नका, वजन पडलं की सुटतात.

१७. स्वयंपाकघरात काय बदलायचं?

रोजची भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या टप्प्यात. माळ्यावर फक्त वर्षातून एकदा लागणारं, आणि तेही काढायला दुसरं कोणी असताना. ओटा बाईच्या कोपरापेक्षा चार-पाच बोटं खाली, आणि त्याच्या एका टोकाला बसून भाजी निवडता येईल असा खालचा तुकडा, पाय आत जातील इतका मोकळा. इंडक्शन जरूर ठेवा. गॅस बंद करायचा राहिला की काय ही धास्ती जाते, स्वयंपाकघर कमी तापतं आणि सोलर असेल तर इंधनही घरचंच.

१८. मी अमेरिकेत, आई एकटी नाशिकला. सगळं मोबाइलवरून चालणारं करून देऊ का?

तुमची काळजी समजते. पण फक्त मोबाइलवर चालणारं काहीही नको. वायफाय गेलं की आईला स्वतःच्या घरातला दिवा लावता येणार नाही. प्रत्येक गोष्टीला भिंतीवर साधं बटण हवंच, मोबाइल वरची सोय. पलंगाजवळ आणि कमोडजवळ शेजाऱ्यांकडे वाजणारी बेल लावा, कमोडजवळची पडल्यावरही हात पोचेल इतकी खाली. वीज कधी किती वापरली हे तुम्हाला तिकडून दिसेल अशी सोय मात्र चांगली. सकाळी सहाला रोज लागणारा गीझर एखाद्या दिवशी आठपर्यंत लागला नाही, तर फोन करता येतो. आईला विचारून लावा. कॅमेरा लावायचा असेल तर दारापाशी, खोलीत नको.

१९. ज्येष्ठांसाठीच्या तयार प्रकल्पात फ्लॅट घेतोय. काय तपासू?

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दारांची रुंदी, आधाराचे दांडे, उतार, लिफ्ट या गोष्टी त्यात आहेत. विक्री करारात त्या लिहून घ्या, माहितीपत्रकातलं चित्र पुरत नाही. घर पाहायला मे महिन्यात दुपारी चारला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. लाइट घालवून लिफ्ट चालवायला सांगा. बाथरूमची फरशी ओली करून त्यावर अनवाणी उभे राहा.

२०. बाबा ऐकतच नाहीत. म्हणतात, घराचा दवाखाना करू नका.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. स्टीलचे दांडे आणि पांढऱ्या टाइल्स पाहिल्या की कोणालाही वॉर्ड आठवेल. माझ्या बाबांनीही दांडी हातात आल्यानंतर महिनाभर नवा दांडा लावू दिला नाही.

मग मी जुन्या माळवदाच्या सागवानी तुळईचा राखून ठेवलेला एक तुकडा गावातल्या सुतारकाकांकडे दिला. त्यांनी त्याचा गोल कठडा केला, आणि तो ओटीवरून अंगणात उतरणाऱ्या तीन पायऱ्यांना लावला. बाबांना म्हातारपणासाठी म्हणून काहीच सांगितलं नाही, सांगितलं की आजोबांच्या घरातलं लाकूड आहे. ते रोज सकाळी त्यावरून हात फिरवत उतरायला लागले. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच विचारलं, असाच एक आत संडासातही लावता येईल का. लाकूड तिथे कुजलं असतं, म्हणून स्टीलचाच लावला, तपकिरी रंग देऊन.